जांभळाचा जोडीदार

स्टेशन क्रमांक एकोणीसची फाइल उघडण्याआधीच शैलजा आकुसकरनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की मयूरीनं काहीतरी घोळ घातलेला असणार.

तसा तो घातलाही होता. घाटनांदूरच्या शाळेच्या मैदानावर कॅमेरा लावायचा, हे तिला चार वेळा बजावून सांगितलं होतं. नकाशावर जागा दाखवली होती. आणि बाईसाहेब तिथून चार किलोमीटर दक्षिणेला, एका पाझर तलावाच्या बांधावर जाऊन बसल्या होत्या.

"ताई, मैदानावर लग्न निघालं," मयूरीनं सकाळी पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतं. "एवढाले लाइट! चांदणी कुठली दिसायला? मग मंडपवाल्यालाच विचारलं, की बाबा, इथं गुडूप अंधार कुठं मिळंल? त्यानं तळं दाखवलं."

"मला फोन करायचा होतास."

"केला की. लागंना. आणि टाइम होत आला होता."

शैलजा अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होती, सव्वीस वर्षं. मयूरी तिची धाकटी जाऊ. दोघींचं घर एकच, स्वयंपाकघर एकच. मयूरीचं बसस्टँडजवळ पार्लर होतं. आता मेंदी काढणारी यंत्रं आली होती, हात आत घातला की चार मिनिटांत नक्षी उमटायची. तरीही नवऱ्या मुली मयूरीकडंच रांग लावायच्या. त्यात शैलजाला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. वाईट वाटायचं ते घरात. सासूबाईंचं पान मयूरीशिवाय हलत नसे. पाहुणे आले की आधी विचारायचे, "मयूरी कुठंय?" शैलजाची स्वतःची लेक ऋचा पुण्याहून फोन करायची तो आधी काकूला, मग वेळ उरला तर आईला. मयूरी हे सगळं मुद्दाम करत नव्हती, आणि तेच शैलजाला जास्त लागायचं. मुद्दाम करणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

एक आकाश तेवढं शैलजाचं स्वतःचं होतं. तिथं घरातलं कुणी फिरकत नव्हतं.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लाखो दगडांचा एक पट्टा सूर्याभोवती फिरतो. त्यातला एक लघुग्रह चौदा किलोमीटर लांब, लांबोळा आणि कोळशासारखा काळपट आहे. मोहिमेतल्या कुणीतरी त्याला जांभूळ म्हटलं आणि तेच नाव पडलं. 'धूलिका' नावाचं आपलं यान दीड वर्षापूर्वी त्याच्या दिशेनं निघालं होतं आणि येत्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दोन हजार त्रेचाळीसच्या दसऱ्याच्या सुमारास, त्याच्या जवळून सेकंदाला नऊ किलोमीटर वेगानं जाणार होतं. जाता जाता फोटो घ्यायचे, धूळ पकडायची आणि पुढं निघायचं. थांबणं नाही, वळून परत येणं नाही.

एवढ्या लांबचा एवढासा दगड मोठ्या दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो. त्याचा आकार मोजायची एक जुनी, स्वस्त आणि गमतीदार युक्ती आहे. तो दगड कधीतरी एखाद्या ताऱ्याच्या आड येतो. तेव्हा ताऱ्याच्या प्रकाशात पडलेली त्याची सावली पृथ्वीवरून धावत जाते. सावली दगडाएवढीच रुंद असते. तिच्या वाटेवर जागोजागी माणसं कॅमेरे लावून बसली, की प्रत्येकाला तारा किती वेळ विझला ते कळतं. ते सगळे तुकडे ओळीनं मांडले की दगडाची आकृती तयार होते. यंदाच्या फेब्रुवारीत ती सावली मराठवाड्यावरून जाणार होती, सेलू-जिंतूरच्या पट्ट्यातून, संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी. एकतीस स्टेशनं लावायची होती आणि त्यांची प्रमुख म्हणून शैलजाची नेमणूक झाली होती.

तिनं त्यातली बारा स्टेशनं मधल्या पट्ट्यापासून खूप लांब टाकली होती. का, तर अकरा वर्षांपूर्वी तिनं कॉलेजच्या दुर्बिणीतून जांभळाच्या प्रकाशाची मोजदाद केली होती, तेव्हा दर साडेतीन दिवसांनी तो प्रकाश किंचित, अगदी असेल-नसेल एवढा उतरताना तिला दिसला होता. लघुग्रहांनाही कधीकधी चंद्र असतात; एका फेरीत दोनदा, एकदा पुढून जाताना आणि एकदा मागून, ते असा प्रकाश उतरवतात. जांभळाला जोडीदार असावा, असं तिनं लिहिलं. निबंध दोनदा परत आला: निष्कर्षाला पुरेसा आधार नाही. त्यानंतर कुणी नाव काढलं नाही. पण प्रमुखपद मिळाल्यावर तिनं बारा स्टेशनं मागून घेतली, लोक हसले तरी घेतली. जोडीदार असेल, तर त्याचीही एक बारीकशी सावली कुठंतरी बाजूनं जाणार होती.

त्या बारांपैकीच एका स्टेशनचे, एकोणीस नंबरचे, मास्तर ऐनवेळी डेंग्यूनं आडवे झाले आणि मयूरी म्हणाली, "ताई, मी जाते ना. बटण तर दाबायचंय."

शैलजा स्वतः सेलूला बसली होती. तिथं तारा सव्वा सेकंद विझला. काम चोख झालं.

तीन दिवसांनी, दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती एकेक फाइल बघायला बसली. खरं तर बघायचं फार थोडं होतं. सगळ्या चित्रफिती आधी 'चाळणी' नावाच्या प्रणालीतून जायच्या. चांगलं काय, टाकाऊ काय ते चाळणीच ठरवायची. तिला ठरवता आलं नाही तेवढंच माणसापुढं यायचं, आणि मग त्या माणसाचा शब्द शेवटचा. एकतीसपैकी एकाच फाइलवर पिवळी पट्टी होती. क्रमांक एकोणीस. 'तीन फ्रेममध्ये तारा अनुपस्थित. मानवी निर्णय आवश्यक.'

तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

शैलजानं ती जागा मोठी करून पाहिली. तारा होता, होता, होता, नव्हता, नव्हता, नव्हता, पुन्हा होता. ढग असता तर शेजारचा छोटा ताराही मंदावला असता. तो जसाच्या तसा होता. पाखरू आडवं गेलं असतं तर दोन्ही झाकले गेले असते. कॅमेऱ्यानं फ्रेम गाळल्या म्हणाव्यात, तर प्रत्येक फ्रेमवर वेळेचा आकडा छापलेला होता आणि एकही आकडा गळलेला नव्हता. तिनं भराभर हिशेब केला. दीड किलोमीटर रुंदीचा दगड. जांभळापासून ब्याऐंशी किलोमीटरवर.

"आहे!" ती मोठ्यानं म्हणाली. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. अकरा वर्षं. आहे, तो आहे!

हा आनंद अर्धा मिनिट टिकला असेल. मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. 'निरीक्षक: मयूरी बालाजी आकुसकर.'

शाळेच्या मैदानावर कॅमेरा लावला असता तर ती सावली चार किलोमीटरवरून निघून गेली असती. ऐकलं नाही म्हणून सापडला. सव्वीस वर्षं थंडीत कुडकुडून, डोळे फोडून जे हाती लागलं नाही, ते हिला पहिल्याच दिवशी, एका मंडपवाल्याला विचारून! शैलजाला पुढचं सगळं दिसायला लागलं. मेंदीवाल्या सूनबाईंनी शोधला चंद्र. सासूबाई गल्लीत पेढे वाटतायत. ऋचा काकूचा फोटो सगळीकडं पाठवतेय. आणि कोपऱ्यात आपण, 'हिच्या मोठ्या जाऊबाई, त्याही विज्ञानाच्या प्राध्यापक आहेत बरं का.'

छातीत खरोखरच काहीतरी भाजल्यासारखं झालं. एवढं एकच तर माझं होतं, तिला वाटलं. एवढं तरी ठेवायचं होतंस.

पडद्यावर दोन चौकटी होत्या, 'स्वीकारा' आणि 'नाकारा'. आपण काय करतोय हे तिला पूर्ण कळत होतं. नाकारलं तर मयूरीचा चंद्र जाणार होता, आणि त्याच्याबरोबर आपली अकरा वर्षंही. तिनं नाकारा दाबलं. कारण विचारलं गेलं. यादीतून तिनं निवडलं: 'मेमरी कार्डमधील दोष.'

त्या रात्रीच्या जेवणात मयूरीनं विचारलंच. "ताई, माझी चांदणी एकदा लवल्यासारखी झाली होती. तुम्ही बघितलं का?"

"कार्डात दोष होता," शैलजा भाताकडं बघत म्हणाली. "रेकॉर्डिंग टाकून द्यावं लागलं."

मयूरीचा हात थांबला. "माझ्यामुळं?"

"होतं असं. तू नवीन आहेस."

"अगंबाई. सगळ्यांचं चांगलं आलं आणि माझंच..." मयूरी खरोखर ओशाळली. "एवढं महागाचं सामान दिलं तुम्ही विश्वासानं."

पुढं तिनं ही गोष्ट स्वतःच सगळीकडं सांगितली, हसत हसत, स्वतःवर विनोद करत. ऋचाचा व्हिडिओ कॉल आला तर ती ओरडली, "काकू, तू कॅमेरा मोडलास म्हणे!" सासूबाई म्हणाल्या, "ज्याचं काम त्यानं करावं बाई. शैलजाला विचारा, तिला कळतंय त्यातलं." पंधरा-सोळा वर्षांत सासूबाईंच्या तोंडून असं वाक्य निघालं नव्हतं. शैलजाला ते गोड लागलं. गोड लागलं याची नंतर लाज वाटली, पण आधी गोड लागलं.

अहवाल गेला. जांभळाची आकृती सुरेख आली होती, तिचं कौतुक झालं. जोडीदाराच्या रकान्यात तिनं लिहिलं: आढळला नाही.

सहा आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी बंगळुरूहून तबस्सुमचा फोन आला. तबस्सुम शेख शैलजाची जुनी विद्यार्थिनी. अंबाजोगाईतच शिकलेली, आता धूलिकाच्या मार्गनियोजनात होती.

"मॅडम, बैठक झाली. तुमच्या अहवालामुळं फार बरं झालं. आम्ही जवळचा मार्ग घ्यायचा ठरवलाय."

"किती जवळचा?"

"ऐंशी किलोमीटर."

शैलजाला स्वतःचाच हिशेब आठवला: जोडीदार ब्याऐंशीवर.

"आधी आम्ही अडीचशे धरलं होतं," तबस्सुम उत्साहानं सांगत होती. "म्हटलं, चंद्र असला तर? चंद्रावर बारीक दगड आदळत असतात, त्यातून उडालेला खडा त्याच्या आगेमागे फिरत राहतो. नऊ किलोमीटरच्या वेगात मोहरीएवढा खडा लागला तरी यानाला भोक पडतं. पण तुमची बारा स्टेशनं लांब लांब होती, कुणालाच काही दिसलं नाही, तेव्हा समितीनं मान्य केलं. शुक्रवारी मार्गदुरुस्ती आहे. आत्ता जरासा धक्का दिला की पुरतं. नंतर मार्ग बदलायचा म्हटलं तर तेवढं इंधनच नाही. मॅडम, एक विचारू? तुम्हाला तर किती वर्षं वाटत होतं, जोडीदार आहे म्हणून. आता नाही ना शंका?"

"मी... तुला उद्या फोन करते," शैलजा म्हणाली.

ती तडक कॉलेजात गेली. चाळणीत नाकारलेली फाइल तीस दिवसांनी आपोआप पुसली जायची; ती गेलेली होती. नुसत्या तोंडी शब्दावर समिती मार्ग बदलणार नव्हती, पुरावा हवा होता. तिनं पेटी काढून एकोणीस नंबरचा कॅमेरा उघडला. आत कोरं करकरीत कार्ड होतं.

"तुमच्या जाऊबाईंनी आणून दिलं," प्रयोगशाळेचे बिडवे म्हणाले. "जुनं माझ्या हातून खराब झालं म्हणाल्या, भरून देते म्हणाल्या. मी म्हटलं राहू द्या, तर ऐकंनात."

पार्लरकडं जाताना शैलजानं मनात वाक्यं जुळवली. खरं सांगायची गरज नव्हती. नवीन सॉफ्टवेअर आलंय, जुनं कार्ड पुन्हा तपासून बघते, एवढं म्हटलं की झालं. मग तबस्सुमला सांगायचं, टाकाऊ समजलेल्या फितीतून मी नव्या पद्धतीनं शोधून काढलं. यान वाचेल. आणि चंद्र, निदान अर्धा तरी, आपला होईल. हे सुचलं आणि चालता चालता तिला हलकं वाटलं. स्वतःची किळसही आली, पण हलकं वाटलं.

मयूरीसमोर एक नवरी मुलगी बसलेली होती. एक हात मनगटाच्या वरपर्यंत भरलेला, दुसरा अर्धा.

"ताई? तुम्ही इकडं? आई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. ते जुनं कार्ड आहे का तुझ्याकडं? नवीन सॉफ्टवेअर आलंय, त्यात तपासून बघावं म्हटलं."

मयूरीनं मेंदीचा कोन खाली ठेवला. पिनांच्या खणातून तिनं रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढलं. "टाकून द्यायचं जिवावर आलं होतं. माझी चांदणी आहे त्यात." आणि मग एकदम तिचा चेहरा उजळला. "ताई, म्हणजे ते बिघडलेलं नसंल, असंही होऊ शकतं? माझी चूक नव्हती, असं निघू शकतं?"

शैलजाची जुळवलेली वाक्यं तिथंच संपली.

"आत ये जरा," ती म्हणाली.

पडद्यामागं, वाफेच्या यंत्राशेजारी दोघी उभ्या राहिल्या.

"तुझी चूक नव्हती. कार्ड चांगलं होतं. तुला चंद्र सापडलाय, मयूरी. आणि मला ते तेव्हाच कळलं होतं. त्याच दिवशी. आता हे कार्ड दाखवलं नाही, तर यान त्या चंद्राजवळून जाऊन फुटेल."

मयूरीला आधी समजलंच नाही. "मग तुम्ही बिघडलं का म्हणालात?"

"तुला सापडला म्हणून."

बाहेर नवऱ्या मुलीच्या बांगड्या वाजल्या. मयूरीचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं, असं शैलजाला वाटलं.

"मी सहा आठवडे सगळ्या गावाला सांगत फिरले, की माझ्या हातून वाटोळं झालं. आईंना. गिऱ्हाइकांना. ऋचाला. तुमच्यासमोर सांगितलं, ताई. तुम्ही ऐकत होतात. तुम्ही भात कालवत होतात."

"हो."

"मी इथं गिऱ्हाइकांपुढं तुमच्याबद्दल काय बोलते, ठाऊक आहे? आमच्या ताईंसारखी बाई जिल्ह्यात नाही, असं बोलते. अजून परवा बोलले." तिनं पदरानं डोळे पुसले आणि कार्ड शैलजाच्या हातात न देता समोरच्या फळीवर ठेवलं. "घेऊन जा. यानाचं काही असंल तर ते वाचवा. माझ्याशी बोलू नका."

पडदा सारून ती बाहेर गेली आणि कोन उचलून त्या मुलीचा अर्धा हात पुढं भरायला लागली. शैलजानं जाता जाता पाहिलं. नक्षीची रेघ जराही हलत नव्हती.

दुपारी तिनं तबस्सुमला फोन करून सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, नाकारण्याचं कारणही नाही.

"मॅडम, हे मला लेखी लागेल," तबस्सुम म्हणाली. तिच्या आवाजातला विद्यार्थिनीचा सूर गेला होता.

"पाठवते. निरीक्षकाचं नाव मयूरी बालाजी आकुसकर. जागाही तिनंच निवडलेली आहे, तेही लिहून घे."

शुक्रवारी यानाला धक्का दिला गेला. मार्ग पुन्हा अडीचशे किलोमीटरवर गेला. शैलजाचं प्रमुखपद गेलं, कॉलेजनं चौकशी नेमली आणि दोन वर्षं कुठल्याही मोहिमेत भाग घ्यायला तिला मनाई झाली. तिनं सही करून ते पत्र घेतलं. घरी नवरा, दिगंबर, एवढंच म्हणाला, "मला कधीतरी बोलायचं होतंस, की तुला एवढा त्रास होतो."

"काय बोलले असते? तुझ्या भावजयीला सगळे जीव लावतात, असं?"



मयूरीनं शब्द पाळला. ती बोलेनाशी झाली. वाढायची, पण ताट सासूबाईंच्या हातून पुढं यायचं. सासूबाईंना दोन्ही सुनांच्या मधे बसून इकडचा निरोप तिकडं करायची सवय झाली. ऋचानं महिनाभर आईला फोन केला नाही. मग केला, तेव्हा फक्त विचारलं, "जेवलीस का?" शैलजा म्हणाली, जेवले.

ऑक्टोबरात धूलिका जांभळाजवळून गेली. फोटोंत लांबोळा काळा दगड होता आणि त्याच्यापासून दूर एक वाटोळा, खरबरीत ठिपका. मोहिमेतली मंडळी त्याला 'बी' म्हणू लागली. अडीचशे किलोमीटरवरही यानाच्या धूळपेटीवर एकेचाळीस कण आपटले. ऐंशीवरून गेलो असतो तर यानाला आरपार भोकं पडली असती, असं तबस्सुमनं वाहिन्यांवर सांगितलं. मयूरीला बंगळुरूला बोलावणं आलं. समारंभाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शैलजाच्या फोनवर तिचं नाव उमटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"मी तुमच्याशी बोलत नाही," मयूरी म्हणाली. "पण उद्या मला स्टेजवर सांगायचंय, की चंद्र सापडल्याचा उपयोग काय. तबस्सुमनं सांगितलं ते माझ्या डोक्यावरून गेलं. तुम्ही सांगा. पाच मिनिटांत."

शैलजा वर्गात शिकवतात तसं सांगू लागली. एकट्या दगडाचं वस्तुमान लांबून मोजता येत नाही. पण त्याच्याभोवती काही फिरत असलं, तर ते किती अंतरावरून आणि किती दिवसांत फेरी मारतं यावरून मधल्या दगडाची ओढ कळते. ओढ कळली की वस्तुमान कळतं. मधला दगड जड, तर फिरणारा भरभर फिरणार; मधला हलका, तर सावकाश. ही बी सात दिवसांनी एक फेरी मारते, फार सावकाश. म्हणजे जांभूळ आकाराच्या मानानं हलका आहे. तो अखंड खडक नाही. आत पोकळ्या असलेला दगडगोट्यांचा ढिगारा आहे.

"कळलं," मयूरी म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी घरातले सगळे टीव्हीपुढं बसले. मयूरी मोरपंखी साडीत होती. समोर शास्त्रज्ञ, मंत्री, कॅमेरे. तिनं कागद वगैरे काही घेतला नव्हता.

"आकाशातल्या दगडाला तागडीत कसं घालायचं?" ती म्हणाली. "त्याला एक सोपी युक्ती आहे. घरातली सासू किती जड आहे, ते सुना तिच्याभोवती किती भरभर फिरतात त्यावरून ओळखावं. सासू भारी असली तर सुनांना उसंत नाही. हा जो चंद्र आहे ना, तो एक फेरी मारायला सात दिवस लावतो. अगदी निवांत. त्यावरून कळलं, की जांभूळ दिसायला मोठा, पण वजनाला हलका. आतून निम्मा पोकळच आहे."

सभागृह हसून लोळलं. टाळ्या थांबेनात.

"मला जड म्हणाली का गं ती?" सासूबाईंनी विचारलं, आणि घरातलेही हसले.

शैलजाही हसली, पण छातीत तीच जुनी जागा भाजून निघाली. सव्वीस वर्षं ती हा धडा शिकवत होती. फळ्यावर सूत्र लिहायची, मुलं उतरवून घ्यायची आणि परीक्षेनंतर विसरायची. असं उदाहरण तिला कधी सुचलं नव्हतं. ही जळजळ आपल्याला आता सोडून जाणार नाही, हे तिला कळून चुकलं. ती घेऊनच वागायचं होतं.

थोड्या वेळानं मयूरीचा संदेश आला. 'काही चुकलं का?'

शैलजानं लिहिलं, 'एकच. वजन नाही, वस्तुमान म्हणायचं. बाकी बरोबर. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंस.' शेवटचं वाक्य तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेजारी दिगंबर बातम्या बघत होता. तिनं ते तिसऱ्यांदा लिहिलं आणि विचार करायच्या आत पाठवून दिलं.

तासभर उत्तर नव्हतं. मग आलं.

'आईंच्या बीपीच्या गोळ्या आज संपतात. पांढऱ्या, पन्नासच्या. दिगंबर भाऊजी नेहमी चुकीच्या आणतात. तुम्ही जा.'

शैलजा उठली, रिकामी पट्टी नमुन्याला घेतली आणि पायात चप्पल घातली.